मोठ्या टेबलाचं एप्रन

सॅन होजे, ९ जून २०२५

चि. सुशांत यास अनेक आशीर्वाद. रागावले आहे म्हणून त्यात काटछाट केलेली नाही.

रविवार, ८ जून, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं. पोर्तुगीज क्लबच्या हॉलमध्ये पाचशे माणसं जेवत असताना तू मागून येऊन माझ्या एप्रनची गाठ सोडलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "मावशी, तू डॉक्टर आहेस, वेट्रेस नाही. बस खाली."

फोनवर तू सॉरी म्हणून सुटतोस, म्हणून हे पत्र.

क्लबातली पोर्तुगीज मंडळी त्यांच्या या सणाला येईल त्याला फुकट जेवू घालतात. ताटलीत पाव, त्यावर पुदिना, वरून मांसाचा रस्सा. मी तो खात नाही, वाढते. रिटायर झाल्यापासून सात वर्षं मी तिथे पाव कापले, टेबलं पुसली. यंदा स्वयंपाकघराच्या प्रमुख लूर्देसबाईंनी, वय ऐंशी, स्वतःच्या हातांनी मला मोठ्या टेबलाचं एप्रन बांधलं. त्या टेबलावर बेघरांच्या शेल्टरमधली माणसं बसतात. त्यांना वाढणं हा क्लबातला सर्वांत मोठा मान. बाहेरच्या बाईला तो आजवर मिळाला नव्हता. आणि एप्रन सुटलं की त्या दिवशी पुन्हा बांधत नाहीत.

कॉन्व्हेंटात सिस्टर मला शिक्षा म्हणून बाकावर उभं करायच्या. तू खुर्चीवर बसवलंस. फार फरक जाणवला नाही.

लोभ आहे, पण सध्या वापरात नाही.

तुझी मावशी,
सुमेधा

*

सनीव्हेल, १३ जून २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

शेवटचं पत्र मी दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, तेव्हा सांभाळून घे.

खरं सांगतो. गाठ तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी सोडली. पलीकडे माझा ऑफिसातला डायरेक्टर पाउलो बसला होता. माझी मावशी लोकांना वाढतेय हे त्याला दिसू नये असं वाटलं. सोमवारी लंचला त्यानेच विचारलं, की मोठ्या टेबलावरची ती साडीतली बाई कोण. मी खाली बघून सांगितलं. तर म्हणाला, त्याच्या आईला ते एप्रन मिळायला एकोणीस वर्षं लागली. मग तो सगळ्या टीमला सांगत सुटला, की सुशांतची मावशी मोठ्या टेबलावर वाढते. मला इतका अभिमान वाटला आणि इतकी लाज, की सँडविच तसंच राहिलं. हे ऐकल्यापासून बायको, उल्का, एकाच घरात राहून दोन दिवस माझ्याशी फक्त मेसेजवर बोलतेय.

माफ कर. काय करू ते सांग, करीन.

रागासकट तुझी माया राहू दे.

तुझा,
सुशांत

*

सॅन होजे, १६ जून २०२५

चि. सुशांत यास आशीर्वाद.

खरं लिहिलंस, बरं वाटलं. उल्काला शाबासकी सांग.

काल लूर्देसबाईंकडे गेले होते. माझ्या घरच्यांना हे पसंत नाही असं समजून सप्टेंबरच्या फूड बँकेसाठीच्या जेवणाला त्या मोठ्या टेबलावर दुसरीचं नाव लिहिणार होत्या. मी म्हटलं, भाचा मूर्ख आहे, वाईट नाही. त्या हसल्या, पण बधल्या नाहीत. त्यांचा रिवाज असा, की घरच्यांच्या मनाविषयी शंका आली, तर मोठ्या टेबलावर जी वाढते तिच्या घरचं एक माणूस मागे उभं राहून पातेली घासतं. घरच्यांची संमती त्या तोंडी घेत नाहीत, अशी घेतात. आणि या देशात तुम्हां दोघांशिवाय मला घरचं कोणी नाही. उल्का तयार होईल, हे मला ठाऊक आहे. मला तू हवा आहेस.

पातेलं तुझ्या कमरेएवढं असतं. सिंकसमोरची खिडकी हॉलमध्ये उघडते, आणि पाउलो जेवायला असणारच.

येणार की नाही, एवढंच लिही. बुधवार, २५ जून, संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या सहीचं उत्तर माझ्या हातात हवं. सहाला लूर्देसबाई नावं लिहायला बसतात.

तुझी मावशी