चंद्रशेखर मामाची गाडी आणि पिवळा फ्यूज

चंद्रशेखर मामा, अर्जुनी मोरगाव यांसी,

बिरसीवरून आचल पायावर डोकं ठेवते. तुमची तब्येत चांगली असन, मामीचा गुडघा आता कमी दुखत असन, आणि तुमच्या गल्लीतल्या नालीचं काम एकदाचं संपलं असन (त्या नालीपायीच तुमी गाडी आमच्या अंगणात ठेवली, नाहीतर हे पत्र लिहायची पाळीच आली नसती). इकडं आई बरी आहे, बाबा बरे आहेत. गाडीही बरी आहे, पण तिचं जरा सविस्तर सांगावं लागते.

फोनवर सांगितलं असतं, पण तुमी हॅलो म्हटलं का माझा आवाज बसते, तुमाले माहीतच आहे. म्हणून शेजारचा टिंकू तिकडं लग्नाले येऊन राहिला, त्याच्या हाती हे देऊन राहिली. रविवारी तुमी गाडी न्यायले याल तवा बाबा म्हणतीन का आचलनं काहीतरी दाबलं. त्याच्या आधी हे वाचा. बाबा तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत, म्हणून निदान तुमाले तरी खरं माहीत पाहिजे.

मागच्या बुधवारी लाईन गेली ते आलीच नाही. बाबाले धानावर फवारणी करायची होती आणि पाठीवरच्या पंपाची बॅटरी उतरलेली. बाबा म्हणे, गाडीत एवढी मोठी बॅटरी बसून आहे ते कायले? मंग केशोराव काकाले बोलावलं. काकाले तुमी ओळखता, गावातल्या डीपीचा फ्यूज गेला का बांबू घेऊन तेच जाते (वायरमन मंग येते आणि काकाले शिव्या देऊन जाते). काकानं पंपाच्या चार्जरची पिन कापली, दोन तारा उघड्या केल्या आणि गाडीत जिथं मोबाईल चार्जिंगले लावते त्या भोकात खुपसल्या. तारा एकमेकीले लागल्या. टिच असा आवाज आला आणि रेडिओ बंद, मोबाईलची चार्जिंग बंद. काका म्हणे, फ्यूज गेला, घरच्यासारखंच असते. आमच्या घरच्या कटआऊटमंधी काकानंच जाडी तार टाकली आहे. तवापासून फ्यूज कधीच जात नाही, बोर्ड जळते. तीच विद्या काकानं गाडीले लावली. स्टेरिंगखालचं झाकण उघडून फ्यूज अंगणात फेकला आणि त्याच्या जागी तार खुपसली. यावेळी टिच आवाज नाही आला, वास आला. त्या भोकाचं प्लास्टिक गुळासारखं वाकलं. काका मागं सरकले. मी चिंधी गुंडाळून तार ओढून काढली, आणि नेमकं तवाच बाबानं घरातून बाहेर येऊन पाहिलं. "तू कायले हात लावला जी?" काका चप्पल शोधायले लागले. मी तर तशीही बोलत नाही.

संध्याकाळी तो फ्यूज मी कोंबड्याईपासून सोडवला. पिवळा, नखाएवढा, त्याच्यावर वीस लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं गोंदियाले गेली, राईस मिलच्या बाजूले टेकचंद काकाचं गाड्याच्या वायरिंगचं दुकान आहे. अर्धा घंटा नुसती उभी राहिली. तीन गिऱ्हाईक येऊन गेले. शेवटी तेच म्हणाले, "क्या चाहिए बेटी?" मी मूठ उघडली. त्यायनं फ्यूज उन्हात धरला, मंधातली तुटलेली पट्टी दाखवली. म्हणे, "ये तो अपना काम करके गया है. उड़ा काय से, पहले वो बता." मी बांबूपासून गुळापर्यंत सगळं सांगितलं. हसता हसता त्यायचा चहा सांडला. मंग पुठ्ठ्यावर काढून दाखवलं का मागची तार जेवढं सोसते तेवढ्याच नंबरचा फ्यूज असते, आणि तो मुद्दाम कच्चा ठेवते, कारण पहिले त्यानं जायचं असते. जाडी तार टाकली का फ्यूज वाचते, गाडी जळते.

परत येताना एसटीत तेच डोक्यात होतं. मी नववीत धान रोवण्याच्या वक्ताले महिनाभर शाळेत गेली नव्हती. मंग गेली त्याच दिवशी सरनं उभं करून धडा वाचायले लावला, आवाज निघाला नाही, पोरं हसले, आणि मी पुन्हा गेलीच नाही. सगळे म्हणाले पोट्टीत दमच नाही. कायनं उडाली हे कोणी इचारलं नाही. मीही दोन वर्षं स्वतःले इचारलं नाही, बकऱ्या सांभाळत राहिली.

नवा पिवळा फ्यूज मीच लावला. जळलेलं भोक बदलायले टेकचंद काकानं हिमांशूले पाठवलं होतं (त्यायचा पोरगा), पण पान्हा मी चालवला, तो पोहे खात होता. आता रेडिओ वाजते. बाबा म्हणते, आपोआप झालं असन.

मामीले नमस्कार सांगा, पाणी भरू देऊ नका.

तुमची
आचल

ता. क. : टेकचंद काका म्हणे, हे काम आयटीआयमंधी शिकवते, पण दहावी पाहिजे. दहावी घरून देता येते, सतरा नंबरचा फॉर्म असते, तो मी आणला. बाबाची सही पाहिजे. बाबा म्हणते, पाहू. चारदा पाहून झालं. तुमी म्हटलं तर करतीन.

आणखी एक. रविवारी गाडी सुरू नाही झाली तर घाबरू नका, आणि केशोराव काकाले बिलकुल बोलावू नका. पेट्रोल इंजिनाकडं पाठवणाऱ्या मोटरीचा फ्यूज, निळा, पंधरा नंबरचा, माझ्या कंपासपेटीत आहे. त्याच्याच खाली फॉर्म घडी करून ठेवला आहे, आणि पेनही.