शेपटी वाजते

२ एप्रिल २०२५, श्रीगोंदा

शेपटी वाजते! आज नक्की ऐकलं. विमान नाक खाली करून थेट जमिनीकडे येत होतं. इंजिनाच्या आवाजावर एक बारीक फर्रर्र — अँड्र्यूने रिमोटवरून वर खेचताच गप्प.

(तोंडावर 'अहो', इथे अँड्र्यू. वही माझी आहे.)

सांगितलं तर म्हणाला, "काय वाजत न्हाई. तुझ्या डोक्यात पेटी वाजतीया." चर्चमधली पेटी मी वाजवते, म्हणून हा टोमणा. गोरक्षनाथभाऊजींना विचारलं. सुरू करताना विमान तेच धरतात. "वहिनी, मला तर काय ऐकू आलं न्हाई." येणार कसं? दोघंही वीस वर्षं साखर कारखान्यात टर्बाईनपाशी. बारीक आवाज दोघांच्या कानांतून कधीच गेला. साक्षीदार तरी कुठला शोधला मी!

४ एप्रिल

भांडण.

शेपटी त्याने कोरून कोरून हलकी केलीय. का, ते मला पाठ आहे. पाच वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलं? कसरतींच्या विमानाचा पंख वरून-खालून सारखाच फुगीर हवा, म्हणजे उलटं उडालं तरी सुलट्यासारखंच उडतं. तोल जागच्या जागी हवा. शेपटी जड केली की नाकातही वजन घालायचं, की गेलं स्पर्धेच्या मर्यादेबाहेर.

"एक पट्टी चिकटवली तरी बाद हुईल."

"आणि हवेत तुटली तर?"

"तुला इमानातलं काय कळतंय?"

काही नाही कळत. ऐकू येतं. रागाने जेवले नाही.

५ एप्रिल

परत वाजली. जास्त.

१२ एप्रिल, मिरजगाव

माळावर मांडव, खुर्च्या, बरीच माणसं. उद्या शेवटची फेरी. पहिले दोघे देशाच्या संघाच्या निवडीला जाणार, आणि अँड्र्यू आज दुसरा आहे! इतकं खूश मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यामुळे जास्तच भीती वाटते.

उद्याच्या नऊ फिगरचा, म्हणजे कसरतींचा, कागद संध्याकाळी दिला. सराव करायचा नाही, असा नियम. उडवणाऱ्याची नजर विमानावर, म्हणून मागे उभं राहून एकेक फिगर मी सांगायची. मी सांगेन तेच तो करतो. एवढ्या एका गोष्टीत माझं ऐकतो.

नववी फिगर — उंचावरून थेट खाली, पूर्ण वेगात. मांडवाच्या बाजूला. तिथे शेपटी गेली तर विमान कुणाच्या डोक्यात बसेल, देव जाणे.

"नववी सोडा," म्हटलं.

"सोडली तर शून्य. येडी हाय का तू?" कागद घेऊन एकटाच माळावर निघून गेला. मी टेम्पोत रुसून बसले.

१३ एप्रिल

आठव्या फिगरलाच वाजली. आडवं उडताना! असं कधी झालं नव्हतं. आठवीच्या शेवटी विमान वर चढत गेलं. मांडवात एक बाई तान्हं मूल मांडीवर घेऊन वर बघत होती. कागदावर नववी स्पष्ट दिसत होती. मी म्हणाले, "नववी — आडवं, सरळ. संपलं. उतरवा."

तो क्षणभर थांबला. मग आडवं नेलं. उतरवलं.

नववीला शून्य. तिसरा नंबर.

"वाचताना चुकले," म्हणाले. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्च बुडवून हे असं खोटं! डोळे झाकून विश्वास टाकणाऱ्या नवऱ्याला मी फसवलं. लाज वाटते. पण उद्या तशीच वेळ आली तर परत हेच करीन.

१६ एप्रिल

आज अँड्र्यूने शेपटी उघडली. आतला जोड निखळलेला. बोटाने हलत होता.

मला राहवलं नाही. "त्या दिवशी मी चुकले नव्हते. मुद्दाम खोटी फिगर सांगितली."

"म्हाईत हाय. नऊच्या नऊ पाठ हुत्या मला."

"मग आडवं का नेलं?"

"म्हनलं, हिला ऐकू आलं असंल."