प्रॅक्टिकल सातवर सही नाही

३ फेब्रुवारी
सेकंड इयरची प्रोग्रॅमिंगची जर्नलं तपासायला घेतली. बेचाळीस. प्रॅ. ७, ॲबस्ट्रॅक्ट क्लास. तेच ते नेहमीचं: शेप नावाचा क्लास, त्याच्याखाली सर्कल आणि रेक्टँगल, प्रत्येकाचा एरिया काढा. पहिल्या जर्नलात पाच त्रिज्येच्या वर्तुळाचा एरिया ८५.२५. दुसऱ्यात ८५.२५. तिसऱ्यात पण. अरे, ७८.५ यायला हवा! वर बघते तर पायची किंमत ३.१४ ऐवजी ३.४१. बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी ३.४१ लिहिलंय आणि एकालाही खटकलं नाही. डोकं सटकलं.
सही केली नाही. एकावरही नाही.

४ फेब्रु.
डिपार्टमेंटचं छापील मॅन्युअल काढून बघितलं. ३.४१ तिथेच बसलाय. मॅन्युअल देसाई मॅडमचं, आमच्या विभागप्रमुखांचं. (दे. मॅ. लिहिते, हात दुखतो.)
वर्गात विचारलं, कुठून उतरवलंत? शेवटी जिग्नेश म्हणाला, "मॅडम, सीनियरचं जर्नल होतं. सगळे असंच करतात ना." खोटं तरी बोलला नाही.
परीक्षा १२ मार्चला. जर्नलवर सही नसेल तर बसू देत नाहीत, हे त्यांनाही माहीत, मलाही. म्हटलं, सात नंबर पुन्हा करायचा. माझ्यासमोर, मॅन्युअल बंद, उदाहरण आपापलं. शेप दिसला तर पान फाडीन.
मागून कोणीतरी म्हणालं, वाट लागली. लागू दे.

५ फेब्रु.
आईला सांगितलं. ती तिच्या मालवणीत सुरू, "तुका काय पडलाहा गो? सही कर नि मोकळी हो. तुजा सगळा उलटाच."
तिचंही चूक नाही. माझं काम तासांवरचं. दर जूनला नेमणुकीचं नवं पत्र, आणि ते दे. मॅ.च्या शिफारशीवर. सहा वर्षं मिळतंय. नाही मिळालं तर बोरिवलीतलं हे भाड्याचं घर, आईच्या गोळ्या, सगळंच अडेल. माहितीये मला. कोणी रोज सांगायला नको.
मग उगाच माळ्यावरची पेटी उतरवली. मी याच कॉलेजची. बारा वर्षांपूर्वीचं माझं जर्नल सापडलं. सात नंबरचं पान उघडलं.
८५.२५. माझ्या सुंदर अक्षरात. खाली लाल शाईत दे. मॅ.ची सही.
जाम लाज वाटली. आरशात बघवेना. म्हणजे या पोरांवर ओरडणारी मी कोण? मग राग आला. तो बरा, त्याने काम तरी होतं.

७ फेब्रु.
माझं जर्नल वर्गात नेलं आणि फिरवलं. खूप हसले. हसा म्हटलं, मीही गाढवच होते.
मग खडू पुढे केला. या, नुसता शेप काढून दाखवा. जिग्नेशने गोल काढला. हा तर सर्कल. पुसून चौकोन काढला. हा रेक्टँगल. "मॅडम, काहीही काढलं तरी तुम्ही नावच देणार!" अरे, तेच तर! नुसता शेप कोणाला काढता येत नाही, म्हणून त्याचा ऑब्जेक्ट बनत नाही. सहा वर्षं शिकवतेय, इतकं सरळ मलाच कधी सुचलं नव्हतं.
ब्रेंडा, गोराईहून फेरीबोटीने येणारी, कधी तोंड न उघडणारी, मागच्या बाकावरून म्हणाली, "मासा."
काय?
"माझी मम्मी बाजारात मासळी विकते. कोणी आलं नि नुसतं 'मासा द्या' म्हटलं तर ती विचारते, कुठला? नुसता मासा टोपलीत नसतो ना."
मी खुर्चीत बसले. म्हटलं, पुढे बोल.
"घरी मम्मी एवढंच सांगते, साफ कर. कसा ते सांगत नाही. कोळंबी असेल तर साल काढून काळा दोरा ओढायचा, बांगडा असेल तर कल्ले काढून पोट फाडायचं. हुकूम एकच. हातात काय आलंय त्यावर काम."
पॉलिमॉर्फिझम! इतकं झकास मॅन्युअलच्या बापाने लिहिलं नसतं.

११ फेब्रु.
दे. मॅ.ने केबिनला बोलावलं. पालकांचे फोन आलेत म्हणे.
"मेधा, सिलॅबसमध्ये मासा कुठे आहे?"
"शेप पण नाहीये मॅडम. ॲबस्ट्रॅक्ट क्लास आहे."
"एक्स्टर्नल परीक्षक हसतील."
"आत्तापर्यंत ३.४१ ला नाही हसले."
हे बोलायला नको होतं. पण बोलले. बाहेर आल्यावर बरं वाटलं.

१८ फेब्रु.
जिग्नेश मासे लिहिणार नाही, शुद्ध शाकाहारी. नको लिहू, तुझं काय आहे ते आण. त्याच्या पप्पांचं कपड्यांचं दुकान आहे. त्याने कापड हा क्लास केला, त्यात घडी नावाची मेथड, ॲबस्ट्रॅक्ट. खाली साडी, ओढणी, चादर. चादरीत घडी लिहायला विसरला. कंपायलर अडून बसला. तासभर भांडला त्याच्याशी. "मॅडम, वरती घडी लिहिलीये ना, मग चादरने ती घ्यावी की!" वरती नुसतं नाव आहे रे, कशी घालायची ते लिहिलंय कुठे? ते चादरीने आपलं आपण सांगायचं.
शेवटी चाललं तेव्हा बाकावर चढला. खाली उतरवला आणि सही केली. पहिली सही.

२४ फेब्रु.
एकतीस झाल्या. कोणी रिक्षा-टॅक्सी केलं, कोणी आरत्या, एकीने सासूबाईंचे प्रकार (तिला समज दिली, सहीही दिली, कोड उत्तम होता). अकरा जण आलेच नाहीत. त्यांना वाटतंय, बाई थकेल.
बाई नाही थकत.

२७ फेब्रु.
दे. मॅ. स्टाफरूममध्ये, चारचौघांत: "उरलेल्या अकरांवर उद्यापर्यंत सही कर. नाहीतर मी करीन. आणि मग जूनचं बघू."
मी पिशवीतून माझं जुनं जर्नल काढून समोर ठेवलं. ही सही तुमची ना?
त्यांनी सही निरखली. वाटलं आता ओरडतील. हळूच म्हणाल्या, "तेव्हा एकशे वीस मुलं होती गं. आणि मी एकटी."
खरं असणार ते. मलाही बेचाळीसच जड जातायत. वाईट वाटलं मला त्यांचं.
पण सही नाही केली. वाईट वाटलं म्हणून चूक बरोबर ठरत नाही.

१ मार्च
दे. मॅ.ने अकरा सह्या केल्या. पान न उलटता. परीक्षेच्या ड्यूटी लिस्टमध्ये माझं नाव नाही.
आईला सांगितलं. तिने बांगड्याचं तिखलं पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "जेव आधी. जून येतलो तेव्हा बघूया." एवढंच. रडू आलं मला.

१२ मार्च
ड्यूटी नव्हती तरी गेले. लॅबच्या बाहेर बाकावर बसले. बाक काही दे. मॅ.चा नाही.
साडेअकराला एक्स्टर्नल बाहेर आले, हातात ब्रेंडाचं जर्नल. कपाळाला आठ्या. पंचावन्नचे असतील, बारीक मिशी, चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. मागे दारात ब्रेंडा, पांढरीफटक. शेजारी दे. मॅ., नजर मोबाईलमध्ये.
"हे मासळीचं कोणी करून घेतलं?"
ब्रेंडाने तोंड उघडलं, तिला मी हातानेच गप्प केलं. उठले.
"मी. सही बघा, माझीच आहे. आणखी तीस जर्नलांवर आहे."
त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "परीक्षा संपेपर्यंत थांबा. मला तुमच्याशी बोलायचंय. मग रिपोर्ट लिहीन."
काय बोलायचंय कोण जाणे. आता दोन वाजलेत, त्याच बाकावर बसून लिहितेय. आत जाताना त्यांनी खिशातून पेन काढून माझं नाव विचारलं. पूर्ण सांगितलं, वडलांच्या नावासकट, हळूहळू, नीट लिहून घेता येईल असं.