सुहासचा खाका

४ जाने.
आश्रमातल्या बाईंचा परत फोन. रस्त्यावर सापडलेली माणसं सांभाळतात ते लोक. "ताई, भावाचा फोटो पाठवा ना, आम्ही जुळवून बघू." फोटो असता तर काय हवं होतं! घरात पाणी शिरलं तेव्हा अल्बमचा लगदा झाला. सुहास त्याच्या आधीच गेलेला. एकोणिसाव्या वर्षी, भरल्या ताटावरून उठून. पंचवीस वर्षं झाली. आईला तेवढा एकच घोर. डॉक्टर तिच्याबद्दल स्पष्ट बोलत नाहीत, म्हणजे कळलंच.

७ जाने.
वर्तकनगरहून कोपरला, आईकडे. शेजारी निवृत्त ड्रॉइंगचे सर राहतात. विचारलं, आम्ही सांगतो तसं स्केच काढाल का? "स्केच कशाला, आपला खाका म्हणा." मग व्याख्यानच. जुने चितारी चित्राच्या रेषेवर सुईने भोकं पाडायचे, वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायचे, खालच्या कागदावर ठिपके उठायचे. तो खाका. खाक म्हणजे धूळ.
"जळून खाक होतं, तोच?"
"तोच. फुंकर मारली की गेला. म्हणून लगेच रेघ ओढून घ्यायची."
आम्ही केवढा उशीर केला.

११ जाने.
आई, मी, सर. नाक धारदार, आई म्हणे. कपाळ मोठं, मी. भुवया जुळलेल्या, यावर एकमत. आई मधेच, "गाल भरा हो थोडे, उपाशी दिसतोय." सरांनी निमूट भरले. चेहरा झाला तेव्हा दोघी रडलो. हाच! किती दिवसांनी बरं वाटलं.

१२ जाने.
काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मानपाड्याहून आईला बघायला आले. कागद दाखवला. चष्मा लावून म्हणतात, "अगं, हा तर दादा!"
बाबांचा फोटो भिंतीवर उंच होता म्हणून पाण्यातून वाचलेला. कागद त्याच्या शेजारी धरला. नाक तेच, भुवया त्याच. वर्षानुवर्षं तोच चेहरा बघत आलो आणि सुहास म्हणून तोच सांगून बसलो. म्हणजे सुहास आमच्या डोक्यातूनही गेला. आई समोर नसती तर कागद टराटरा फाडला असता.

१५ जाने.
सर म्हणतात, वडील विसरून परत सांगा. एवढं सोपं! डोळे मिटले. सायकलवर डबलसीट बसल्यावर दिसायची ती त्याची मान, मानेवरचा घाम. हसायचा ते ऐकू येतं. चेहरा नाहीच. आईलाही नाही. तिने कबूल केलं नाही, नुसती कूस बदलली.

१९ जाने.
आश्रमाचा मेसेज, पाठवताय ना? आईला म्हटलं, राहू दे गं, बाबांचं चित्र काय पाठवू?
"तेच पाठव. हे गेले तेव्हा जेवढे होते, तेवढाच झाला असेल आता तो."
पाठवलं. वय ४४ लिहिलं. बाईंनी बघितलंय, उत्तर नाही. मला आशा नाही. आई मात्र घटकेघटकेला विचारतेय, काही आलं का गं.