आतली कडी

नवीन पनवेल,
४ नोव्हेंबर

ती. मझलताईस,
रुबेनचा शि. सा. न. आणि शालोम.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या निरीतनं त्याचा फोटो इतका स्वच्छ काढलाय की कागदावरचा तुझ्या चहाचा डागसुद्धा दिसला. आपलं हे असंच चालू दे. माझं कानातलं यंत्र फोनवर शिट्टी मारतं, तू अश्दोदहून ओरडतेस, मी इथून काय? काय? करत बसतो, आणि आपल्या घरातलं सगळं शेजारच्या वसुंधराबाईंना आधी कळतं. त्यापेक्षा कागदावर लिहायचं आणि लेकीनं फोटो पाठवायचा, हे बरं.

आता मुद्द्याचं. तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललो होतो. तू चालायला लागलीस त्याला चार वर्षं झाली आणि मलिदा तसाच राहिलाय. तुझी वहिनी म्हणते, ताई नसल्या तरी करता येतो. मला ते पटत नाही. जिच्यासाठी बोललो ती समोर बसून गोड पोहे खाणार नसेल तर आभार मानल्यासारखं वाटेल का? दर वर्षी तुझं काहीतरी निघतं. एकदा विमानं बंद, एकदा नातवाची परीक्षा, गेल्या वर्षी तर मांजर आजारी. या फेब्रुवारीत ये. मी पंच्याहत्तरीला आलो, तू अठ्ठ्याहत्तरची. आता पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करण्यात अर्थ नाही.

दुसरी बातमी, बाथरूम नवीन करतोय. सिडकोनं दिलं तसंच आहे ते, तू पाहिलंयस. इकडे संडास, तिकडे मोरी, मध्ये भिंत, दोन्हीकडे वीतभर उंबरा. भिंत पाडून एकच खोली करायची आणि कमोड बसवायचा. माझे गुडघे हल्ली कुरकुरतात, म्हणून. तळोज्याच्या कारखान्यात आयुष्यभर स्टोअर सांभाळलं, त्यामुळे तीन कोटेशनं आल्याशिवाय हातोडा पडणार नाही.

वहिनीचा नमस्कार. लोभ आहेच, माझ्या कानांवर जाऊ नकोस.

तुझा,
रुबेन

---

अश्दोद,
१३ नोव्हेंबर

चि. रुबेन यास,
मझलताईचे अ. उ. आ.

वहिनीलाही आशीर्वाद, तुझ्याशी इतकी वर्षं संसार केल्याबद्दल थोडे जास्तच.

फेब्रुवारीचं धरून चालू नकोस. इथे थंडीत माझा पाय आखडतो, विमानात सात-आठ तास एका जागी बसायचं म्हणजे शिक्षा आहे. शिवाय मांजर अजून औषधावर आहे, हसू नकोस. मलिदा तू करून टाक. मी इथे त्याच दिवशी पोहे भिजवीन, खोबरं घालीन, पाच फळं मांडीन. देव काय, दोन्हीकडे येतो.

पनवेलची आठवण येत नाही असं समजू नकोस. परवा निरीतनं ओव्हनमध्ये कोंबडी भाजली आणि मला आपल्या मडक्यात भाजलेल्या पोपटीचा वास आठवला, भांबुर्ड्याच्या पाल्याचा. जेवताना डोळ्यांत पाणी आलं. तिला सांगितलं, तिखट झालंय.

बाथरूमचं ऐकून बरं वाटलं. पण टाइल्स चकचकीत घेऊ नकोस. दुकानदार सांगेल की आजकाल हेच चालतं. आम्हां नर्सांना विचार, काय चालतं ते. निम्मे पेशंट त्याच टाइल्सनी आमच्याकडे पाठवले. आणि गुलाबी रंग नको. तुझी आवड मला ठाऊक आहे, लग्नातला सूट अजून विसरले नाही.

गुडघ्यांचं नीट लिही. कुरकुरतात म्हणजे काय? चढताना की उतरताना?

तब्येत जप, आणि माझ्यावर रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
मझलताई

---

नवीन पनवेल,
२ डिसेंबर

ती. मझलताईस,
शि. सा. न.

गुडघे चढतानाही आणि उतरतानाही. झालं समाधान?

तीन कोटेशनं आली. पहिला म्हणाला एक लाख वीस हजार, आणि वर छताला दिवे लावून देईन म्हणाला. आंघोळ करायची आहे, हळदीकुंकू नाही. दुसरा म्हणाला साठात करू, बाकीचं मग बघू. ते मग बघू ऐकलं आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तिसरा जगन मिस्त्री, ब्याण्णव हजार. त्याला मी नव्वदवर आणलंय. नव्वदच्या वर एक रुपया नाही, असं तुझ्या वहिनीच्या देखत सांगितलंय.

गीझर जुनाच राहील. टाइल्स खांद्यापर्यंतच, वर रंग. आरशाचं कपाट कापलं, वहिनी दोन दिवस बोलली नाही. पण काही गोष्टींना मी हात लावू दिला नाही. खालच्या टाइल्स खडबडीत आणि करड्या, खूश? उंबरा पूर्ण काढायचा, पाणी वाहायला नुसता उतार. भिंतीला मिटणारं बसायचं फळकूट. कमोडच्या डाव्या हाताला चांगल्या स्टीलचा दांडा, आंघोळीच्या जागी दुसरा. दांडा इतक्या खाली का, असं जगननं दोनदा विचारलं. तुमच्या उंचीला हा मांडीशी येईल म्हणाला. त्याला म्हटलं, माप दिलंय तिथे बसव.

काम चालू झालंय. शुक्रवारी दुपारी जगन सगळं आवरतो आणि रविवारी उगवतो. पहिल्या आठवड्यात तो शनिवारी सकाळी घमेलं घेऊन दारात हजर होता. वसुंधराबाईंनीच त्याला जिन्यात अडवून शब्बाथ समजावला. सध्या आम्ही दोघं त्यांच्याकडेच आंघोळीला जातो, बादली, टॉवेल, साबण घेऊन. जिन्यात माणसं भेटतात, हातातल्या बादलीकडे बघतात, आणि मी जणू बाजाराला निघालोय अशी चौकशी करतात.

फेब्रुवारीचं पुन्हा विचारतो. नाही म्हणायची घाई करू नकोस.

तुझा,
रुबेन

---

अश्दोद,
९ डिसेंबर

चि. रुबेन यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. रुबेन, तू कधी पडलास?

मला बनवू नकोस. पस्तीस वर्षं मी हाडांच्या वॉर्डात काढली आहेत. गुडघे कुरकुरणारा माणूस कमोड बसवतो आणि गप्प बसतो. उंबरा काढणं, बसून आंघोळ, दोन दांडे, हे सगळं पडलेल्या माणसाचं सामान आहे. आणि दांडा मांडीशी? तू उभा पाच फूट दहा. इतका खाली दांडा लागतो म्हणजे तू वाकला आहेस. पाठीचा मणका आहे का? डॉक्टर काय म्हणाला? वहिनीला सांग, तिनं खरं-खरं लिहावं. तू मला लहानपणीही ताप आला की सांगायचा नाहीस, पांघरुणात तोंड घालून पडायचास.

मला तू एकच भाऊ आहेस. तुला काही झालं आणि मी इथे मांजराला औषध पाजत बसले, तर मी स्वतःला काय सांगू?

निरीतला सांगून तुझ्या खात्यात सत्तर हजार पाठवले आहेत. परत करायचे नाहीत. माझ्या तिकिटाचे आहेत ते, दर वर्षी बाजूला ठेवते आणि दर वर्षी तसेच राहतात. मी काही येत नाही आता. त्यात आरशाचं कपाट करून टाक आणि उरलेल्यात चांगल्या डॉक्टरला दाखव.

आणि एक महत्त्वाचं. दाराची आतली कडी काढून टाक. आत माणूस पडला की दार फोडण्यात वेळ जातो. मी पाहिलंय. वहिनीला बाहेर उभी राहू दे, लाजू नकोस.

लगेच लिही. रागावले आहे, पण ते मायेपोटीच, एवढं समजून घे.

तुझी,
मझलताई

---

नवीन पनवेल,
११ डिसेंबर

ती. मझलवन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न दाखवता लिहिते आहे. फोटो वसुंधराबाईंनी काढलाय, हात थरथरला असेल तर सांभाळून घ्या.

ह्यांना काहीही झालेलं नाही. रोज सकाळी बागेत फेऱ्या मारतात आणि येताना वडा खाऊन येतात, मला कळत नाही असं त्यांना वाटतं. गेल्या महिन्यात नातेवाइकांबरोबर कर्नाळ्याला गेले, तिथे पक्षी बघायचे सोडून चढ चढत बसले. पाठ ताठ आहे, स्वभावही.

वन्सं, तो दांडा तुमच्या उंचीचा आहे. कमोडचं मापही तुमचंच. निरीतनं तुमच्या घरातलं, तुम्हांला न कळू देता, शिलाईच्या टेपनं घेऊन पाठवलं.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही आला होता, तेव्हाचं मी ह्यांना कधी बोलले नव्हते, शपथेवर. तुम्ही आत बसलात आणि उठता येईना, मला हाक मारलीत, मी तुम्हांला काखेत धरून उठवलं. तुम्ही मला एवढंच म्हणालात की आयुष्यभर मी लोकांना उठवलं. नंतरचे सगळे दिवस तुम्ही कडी लावली नाहीत आणि मी बाहेर पाठ करून उभी राहायचे. मला त्यात काही वाटलं नाही, पण तुम्हांला वाटलं, ते मला दिसत होतं. मग ऑपरेशन झालं आणि खाली बसणंच बंद झालं. मांजराचं कारण मी तेव्हाच ओळखलं.

ऑक्टोबरात निरीतनं ह्यांना लिहून टाकलं की आई त्या संडासापायी येत नाही. त्या दिवशी हे किती तरी वेळ संडासाच्या दारात नुसते उभे होते. मला म्हणाले, माझ्या घरात माझ्या बहिणीला लाज वाटली आणि मी बाहेर पेपर वाचत होतो. दुसऱ्या दिवसापासून कोटेशनं सुरू. तुम्हांला सांगायचं नाही असं बजावलं, कारण तुमच्यासाठी खर्च म्हटला की तुम्ही आधीच नाही म्हणणार.

तुमचे पैसे आले आणि ते तिकिटाचे आहेत हे वाचलं, तेव्हा हे जेवले नाहीत. ज्यासाठी एवढं केलं तेच आपण मोडलं, असं म्हणाले. कडीचं वाचून जगनला मात्र थांबवून ठेवलंय. काढायची की ठेवायची, ते तुम्हीच कळवा.

बाकी क्षेम. मोठेपणानं सांभाळून घ्यावं.

तुमची,
वहिनी

---

अश्दोद,
१४ डिसेंबर

चि. रुबेन यास,
आशीर्वाद नाहीत. आधी भेटेन, एक धपाटा घालीन, मग देईन.

गाढवा, मी पाच दिवस झोपले नाही. तुझा मणका मोडला म्हणून रडत होते, आणि तू वडे खात होतास. वहिनीवर रागावू नकोस, तिनं तुझ्यापेक्षा जास्त अक्कल दाखवली. आणि मी तरी काय, दांड्याची उंची वाचून भावाला म्हातारा ठरवला, स्वतःची उंची आठवली नाही. बुटकी मी आहे हे मी अजून मान्य केलेलं नाही, त्याचा हा परिणाम.

लाज वाटली होती, हे खरं. वहिनीची नाही रे, तिचे हात फार चांगले आहेत. स्वतःचीच वाटली. पेशंटना मी सांगायचे, यात लाजण्यासारखं काही नाही. सांगणं सोपं असतं. पनवेलला जायचं म्हटलं की मला तुमची कुणाची तोंडं आठवायच्या आधी ती खोली आठवायची. तू ती पाडलीस. यावर लिहिताना हा कागद दोनदा फाडला.

आता कामाचं ऐक. दांडा डावीकडे लिहिला आहेस, तो उजवीकडे हवा. ऑपरेशन डाव्या पायाचं आहे आणि डाव्या खांद्यात आता जोर नाही. उठताना मी उजव्या हातावर भार देते. निरीतनं उंची मोजली, पण हात कुठला ते तिला कोण सांगणार? टाइल्स लागल्या असतील तर फोड.

पैसे परत पाठवू नकोस. तिकीट निरीतनं काढलं, आईला घराबाहेर काढायची तिला कधीची घाई होती. फेब्रुवारीच्या दहाला पोचते. मांजर तिच्याकडे.

कडीचं लिहिलं होतं ते तुझ्यासाठी. नर्स म्हणून विचारशील तर अजूनही तेच सांगेन. पण तू नर्सला विचारत नाहीस ना?

कडी ठेव.

तुझी,
मझलताई

---

नवीन पनवेल,
१३ फेब्रुवारी

चि. निरीत हिस,
रुबेनमामाचे अ. आ.

तुझी आई सुखरूप आहे. तिला न सांगता लिहितोय, तुमच्या घराण्याची हीच पद्धत दिसते.

बाथरूमचा हिशोब तुला सांगायला हरकत नाही, तिला सांगू नकोस. नव्वदचे एक लाख चार झाले. दांडा उजवीकडे घेताना सहा टाइल्स फुटल्या आणि त्या रंगाच्या दुकानात संपल्या होत्या. आता करड्या भिंतीत सहा टाइल्स पिवळट आहेत. आईनं आल्या-आल्या पाहिल्या आणि म्हणाली, गुलाबी नाहीत हेच नशीब. आरशाचं कपाटही झालं, तुझ्या मामीनं ते आईच्या पैशांत बसवलं आणि मला विचारलंही नाही. कडीसाठी मात्र मी स्वतः पनवेलच्या बाजारात गेलो. जगन पत्र्याची लावत होता. मी पितळेची आणली, जाड, बाहेरून कुणाला ऐकू येईल अशी.

मलिदा रविवारी आहे. पोहे आणले, नारळ आणले, वसुंधराबाई खवायला येणार आहेत. आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसते आणि सगळ्यांना चुका सांगते.

पण तुला लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. सकाळी मी कानात यंत्र घालत नाही, चहा होईपर्यंत जगाचं मला काही नको असतं, हे तुझ्या मामीला माहीत आहे. त्या दिवशी उठल्या-उठल्या घातलं. मामीनं ते पाहिलं. पेपर तोंडासमोर धरून मी बाहेर बसलो. आई काठी टेकत आली, बाथरूमच्या दाराशी जरा थांबली. मामी सवयीनं उठून तिच्यामागे गेली. आईनं मागे वळून तिच्या गालाला हात लावला आणि तिला परत बसायला सांगितलं. आत गेली, दार लावलं.

पेपर माझ्या हातात उलटा होता, हे मामीनं नंतर सांगितलं.

मग आतून कडी सरकली. मला ऐकू आली.

तुझा,
रुबेनमामा