पुढचे दोन्ही गेले

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं तुमच्या गाडीखाली जायबंदी झाली आहेत. पत्र मामींसमोर वाचलं जाणार, म्हणून कोणती ते लिहीत नाही.) तुमची तब्येत, मामींचे गुडघे आणि तुमचा घसा ठीक असेल अशी आशा आहे. घशाचं मुद्दाम विचारतो, कारण मंगळवारी तुम्ही फोनवर जो हंबरडा फोडलात, तो आईच्या कॉटशेजारी बसून मला शब्दन् शब्द ऐकू आला. तेव्हा आधी स्वहस्ते लिहून देतो की मी आणि तुमची भाचेसून, दोघंही जिवंत आहोत.

आता हे कसं घडलं ते सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला आत्याकडून एक आणि आईकडून एक अशा दोन उलट बातम्या मिळाल्या आहेत आणि दोघींपैकी एकीनेही खुलासा केलेला नाही. मूळ दोष तुमचा. मागच्या वर्षी तुम्ही ही गाडी मला दिलीत, आई हौसेने मागे बसली, आणि दर गतिरोधकाला तिचं डोकं छताला जाऊन भेटून आलं. ती तसं म्हणाली, तर तुम्ही चारचौघांत म्हणालात, "ताई, गाडी ठणठणीत आहे, तुझीच हाडं जुनी झालीत." झालं! तेव्हापासून बहीणभावात अबोला. (तुम्हाला तो उशिराच कळला असेल, आई अबोला धरते तेव्हा समोरच्याला कळायला दोन महिने लागतात.) पुढे ती न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तुमची पंचाईत झाली. भेटायला यावं तर "सांगितलं होतं ना" म्हणायला आलात असं वाटणार, न यावं तर न आल्याचा ठपका बसणार. तुम्ही मामींच्या हातून फळं पाठवून मोकळे झालात.

ऑपरेशन छान झालं. येत्या रविवारी तिला घरी सोडणार, फक्त वाटेत धक्का बसता कामा नये. मी रुग्णवाहिका सांगतो म्हणालो, तर आईसाहेबांनी फर्मावलं की त्याच गाडीने येईन. गाडी नीट करून आण, घरापर्यंत धक्का बसला नाही की जुनं नक्की काय झालं होतं ते आपोआप ठरेल. म्हणजे मामा, ही दुरुस्ती नव्हे, खटला आहे, आणि आरोपीला धडधाकट करून कोर्टात उभं करायचं काम माझ्याकडे आलं.

मी आधी स्वतःच हात घातला. (विमा कंपनीत टेबलामागे बसणाऱ्या माणसाने दोन व्हिडिओ बघितले की त्याला जगात काहीही अवघड वाटत नाही.) गाडी जॅकवर चढवली, खाली शिरलो, आणि जिथून म्हणून करकर ऐकू येत होती तिथे तिथे स्वयंपाकघरातलं तेल सोडलं. करकर थांबली. आठवड्याने खडखड सुरू झाली. मग मुकाट्याने गॅरेज गाठलं. तिथल्या मेकॅनिकला सगळा बाजार "डॉक्टर" म्हणतो आणि तो स्वतःही तसंच म्हणतो, हे पुढच्या प्रकारासाठी ध्यानात ठेवा. त्याने बॉनेटवर हात ठेवून गाडी खाली दाबली, ती खालीच राहिली, आणि तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच तिला मारून आणलंय. सांध्यांतल्या रबराच्या बुशांना तेल घातलं (तेलाने रबर सडतं म्हणे) म्हटल्यावर तर त्याने सगळी पोरं बोलावून त्यांना मला दाखवलं.

गाडी तिथेच टाकून आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. वॉर्डात मोबाइल बंद. म्हणून डॉक्टरने घरी फोन केला आणि तो आत्याने घेतला. आत्याला एवढंच माहीत की सकाळी आम्ही नवराबायको तुमच्या गाडीत पुढे बसून निघालो. डॉक्टर बोलतोय म्हणाला, मालकांना कळवा, पुढचे दोन्ही गेले. आत्याने आम्हा दोघांना तिथेच गेलेलं धरलं. त्यातही तिने मागच्यांची चौकशी केली (मागे कोण होतं असं तिला वाटलं, देव जाणे), तर मागचे आहेत, पण फार दिवस काढणार नाहीत असं उत्तर आलं. काहीच करता येणार नाही का, म्हणून तिने टाहो फोडला. तो म्हणाला, बाई, मी स्वतः दाबून बघितलं, वर येतच नाहीत. आणि मग अगदी आपुलकीने विचारलं की जुने तुम्ही घेऊन जाणार की मीच टाकून देऊ?

आत्याने तुम्हाला फोन केला. तुम्ही थेट वॉर्डात केलात. नर्सने तो आईच्या हातात दिला, आणि मी समोर बसून मोसंबं सोलत असताना तुम्ही मला वारलेला धरून रडायला लागलात. अहो, मी आईला खुणा करकरून थकलो. तिने फोनवर हात ठेवला आणि मला दटावलं, "गप रे. वर्षभराने बोलतोय तो. बोलू दे." बऱ्याच वेळाने तिने तुम्हाला सांगितलं की दोघं समोर बसलीत आणि त्याला मोसंबं धड सोलता येत नाहीये. फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला खरंच भरून आलं, मामा. आपण गेल्यावर कोण किती रडेल हे जिवंतपणी कुणाला ऐकायला मिळतं?

असो. गेलेले ते शॉकअप, गाडीचे धक्के झेलणारे. चारही नवे घातले, बुश बदलले. डाव्या बाजूला बुशच्या जागी निळ्या रबरी चपलेचा तुकडा निघाला. (मामींना विचारा, त्यांची एक चप्पल हरवली होती का. हे कारागीर कोण, ते डॉक्टरने विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं नाही, फक्त पत्ता दिला.) काल मागच्या सीटवर आत्याच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं देऊन गावभर फिरवून आणलं. थेंब सांडला नाही. घरी उतरल्यावर तिने ते माझ्या डोक्यावर ओतलं. मंगळवारी ढाळलेले अश्रू फुकट गेले याचा राग अजून आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा (हयात) भाचा

ता. क. माझ्या हातच्या गाडीत बसायला आई तयार नाही. ज्याने गाडी ठणठणीत म्हटली त्यानेच चालवावी, असं तिचं म्हणणं आहे. तेव्हा शनिवारीच या. येऊन एकच वाक्य बोलायचं, "ताई, गाडीच जुनी होती." हुज्जत घालू नका, जुने शॉकअप आणि चपलेचा तुकडा पिशवीत घालून तिने कॉटखाली ठेवून घेतलेत.

ता. क. २. हे एवढं मामींना मोठ्याने वाचून दाखवू नका. काल हाडांच्या डॉक्टरांनी (खऱ्या) मला बाहेर बोलावून आईच्या हाडांचे फोटो दाखवले. पार ठिसूळ झालीत. पुन्हा पडली तर जड जाईल, म्हणाले. तिला सांगायचा मला धीर झालेला नाही. गोळ्या ताकदीच्या म्हणून सुरू केल्यात. म्हणजे त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं, मामा. तेव्हा लवकर या, आणि चूक कबूल करा.