टीम खाली जाऊ दे

५ ऑगस्ट, शनि.
लेकीच्या टीमची यंदाची पहिली मॅच. स्कॉटलंडच्या दोन नंबरच्या फुटबॉल लीगमध्ये खेळतो तिचा क्लब. प्रज्ञा तिथे फिजिओ. साडेसातला लॅपटॉप टीव्हीला जोडला. कॅमेरा एकच, तोही वाऱ्याने हलतो. नव्वद मिनिटांत पोरगी दिसली एकदाच. त्यांचा एक जण पोटरी धरून पडला, तेव्हा बॅग घेऊन धावली. पंधरा सेकंद. सौ. उठून टीव्हीजवळ गेली. ०-३ हरले. स्कोअर विचारला तर सौ. म्हणे, "मले काय माहीत, मी तं तिलेच पाहत होती."

२ सप्टें.
आता पद्धतच बसली. कोणी पडलं की आम्ही दोघं पुढे सरकतो. आज कोणीच पडलं नाही, सगळे धडधाकट. शनिवार फुकट. शेवटी सौ. बोलून गेली, "एखादं तरी पडावं रे देवा." लगेच स्वतःच्या तोंडात मारून घेतली. मी नाही घेतली.

२८ ऑक्टो.
दहा टीम, आपण दहावे. प्रज्ञाचा फोन. "आबा, शेवटी राहिलो तर टीम खालच्या लीगमध्ये जाते. मग मला नाही ठेवणार."
"मग?"
"मग काय. व्हिसा संपला की घरी."
मी म्हटलं, अरेरे. फोन ठेवला आणि सौ.ला दुसरा चहा टाकायला सांगितला. पोरगी तिकडे गेल्यापासून इतकी चांगली बातमी कानावर आली नव्हती.
पोटच्या पोरीचं वाईट चिंततोय का? चिंततोय. ती इथे हवी. भुसावळात काय माणसांचे गुडघे दुखत नाहीत?

१८ नोव्हें.
सौ.च्या माहेरी, मुक्ताईनगरला. मुक्ताईच्या दर्शनाला गेलो. सौ.ने सगळ्या बायांदेखत नवस बोलला, "आई, पोरीची टीम वाचू दे, साडीचोळीनं ओटी भरीन." मी जन्मभर देवळाबाहेर चपला राखणारा माणूस. आज आत गेलो, तिच्या शेजारी डोळे मिटले आणि मनात बोललो : टीम खाली जाऊ दे. ओटी मीही भरीन. साडी हिच्यापेक्षा भारी.
येताना एसटीत सौ. खुशीत. "तुम्ही पण हात जोडले, पाह्यलं मी."

२० जाने.
त्यांच्या गोलकीपरचं खांद्याचं हाड मोडलं. बर्फाने मैदान कडक झालेलं. प्रज्ञा चार मिनिटं पडद्यावर! सौ. त्या पोराच्या आईसाठी रडत होती. मी फोटो काढून घेतला. बारीक झाली आहे पोरगी.
गोलकीपर टीमबाहेर गेला. आता कठीण आहे त्यांचं. बरं झालं.

२४ फेब्रु.
सौ.ने शनिवार धरलाय. मॅच संपेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आणि टीम ओळीने दोन मॅच जिंकली! मला घाम फुटला. तिच्यासमोर बसून वरण-बट्टी खाल्ली, वर तूप मागून घेतलं. तिने उपाशीपोटी उठून वाढलं.

६ एप्रिल
शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला. मी "गेलं!" म्हणून ओरडलो. सौ. माझ्याकडे बघत राहिली.
"कोणाकडून वरडले हो?"
म्हटलं, दुःखाने.
तिचा विश्वास बसला बहुतेक.

४ मे, शनि.
जिंकले तरच वाचणार होते. १-१. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, ती बारवर मारली. खाली गेले.
प्रज्ञा मैदानात बसली होती, कोणी पडलेलं नसताना. बॅग बाजूला. कॅमेरा बराच वेळ तिच्यावर.
सौ. म्हणाली, "माह्यंच चुकलं. मागं एका शनिवारी मॅच चालू असताना चुकून घोटभर चहा प्याली मी." तेच तेच म्हणत राहिली. एका वाक्यात तिची सुटका करता आली असती. नाही केली. वर म्हटलं, "असेल." झोपही छान लागली.

७ मे
येत नाही.
"आबा, बाकीचे फिजिओ सोडून चालले. मॅनेजर म्हणाले, तू तरी थांब, व्हिसाचं क्लब बघेल. मी थांबते. आता एकटीच आहे, जखमी पोरं उन्हाळाभर माझ्याकडेच. आखाजीलाही नाही जमणार."
म्हटलं, खालच्या लीगमध्ये कशाला राबतेस?
"टीम पडली म्हणून टाकून यायचं का?"
दीपनगरच्या वीज केंद्रात हेडक्लार्क होतो मी. लोकांचे अर्ज परत पाठवायचो : मुख्य मागणी लिहा. आणि स्वतः मुक्ताईपुढे टीम खाली मागितली. पोरगी घरी मागितलीच नाही.

१० मे
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गल्लीतल्या सगळ्या पोरी माहेरी. समोरच्या निंबाला झोका, दिवसभर गाणी. सौ.ने दार लावून घेतलं. सांजोऱ्या केल्या होत्या, त्या डब्यातच. दरवर्षी आखाजीला तरी यायची. ती भेटही गेली माझ्यापायी.

१४ मे
नवस फेडला नाही तर पोरांवर येतो म्हणतात. माझा विश्वास नाही. तरी सौ.ला बँकेत जातो सांगून एकटाच मुक्ताईनगरला गेलो. देवळाच्या दारातल्या ओटीवालीकडून साडी, खण, नारळ. बाईने विचारलं, "कशाचा नवस, आबा?"
"लेकीचं काम झालं."
बाई म्हणाली, नशीबवान पोरगी, असा बाप मिळाला. लाज वाटली. अशी लाज आजवर वाटली नव्हती.

२५ मे, शनि.
सौ. ऐकेना, दर्शनाला चला म्हणे. पुढच्या वर्षी टीम वर यावी म्हणून नवस बोलायचा. दारातच ओटीवाली, "या आबा! परवाच साडी नेली नं तुम्ही, लेकीचा नवस फिटला म्हणे?"
सौ. रांगेत जाऊन उभी राहिली. मी दोनदा बोलायला गेलो, तिने पदर नीट केला.
आत गेल्यावर बाजूला सरकून मला पुढे केलं.
"माह्यं नाही ऐकत ती. तुमचं ऐकते. टीम वर येऊ दे, म्हणा. मोठ्यानं म्हणा, मले ऐकू आलं पाहिजे."
टीम वर गेली की पोरगी कायमची तिकडचीच. मागून पुजारी, "चला आबा, रांग थांबली." मी हात जोडले. तोंड उघडलं. सौ. माझ्या तोंडाकडे बघत होती, मुक्ताईकडे नाही.